घर घेताना वेळेवर बोललेला भाव



आम्ही कामगारांत वावरणारी माणसे. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण मागणीपत्रे लिहिता लिहिता झाले. त्यात एक गोष्ट कळली. मागणी नुसती रास्त असून भागत नाही, ती वेळेवर मांडावी लागते. घर घेणाऱ्यालाही हाच नियम लागू आहे.

आपल्या रामवाडीचेच पाहा. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचे उद्घाटन झाले आणि पेण मुंबईला आणखी जवळ आले. आता इथले घर पाहायला पेणकराबरोबर मुंबईकरही येतो. तो सकाळी घर पाहतो आणि दुपारी आकडा बोलतो. आमचा कामगार म्हणतो, "विचार करून सांगतो." मग मामांना विचारायचे, पितृपक्ष संपू द्यायचा, बोनसची वाट पाहायची. आमच्या एका सभासदाने असेच दोन महिने घालवले. भाव त्याला झेपणारा होता, घरधन्यालाही माणूस पसंत होता. पण घर दुसऱ्याने घेतले. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावे लागले, तेव्हा त्याला भाड्याची खोली शोधावी लागली.

मग घाई करावी काय? मुळीच नाही. आपल्या पेणच्या कारखान्यांत गणपतीच्या मूर्तींचे काम कित्येक महिने आधी सुरू होते. चतुर्थीच्या आदल्या दिवशी माती मळायला कोणी बसत नाही. घराचेही तसेच आहे. भाव एका दिवसात बोलायचा, पण त्याची तयारी वर्षभर करायची.

तयारी कोणती? पहिली पैशाची. भविष्य निर्वाह निधीतून घरासाठी रक्कम काढता येते, बँकेचे कर्जही मिळते. पण अर्ज मंजूर होऊन पैसा हाती यायला दिवस लागतात. ती चौकशी आधीच करावी. दुसरी घरातल्या माणसांची. जास्तीत जास्त किती द्यायचे, हे नवराबायकोने बसून ठरवावे, म्हणजे ऐनवेळी वाद नको. तिसरी कागदांची. सातबाऱ्यावरचे 'इतर हक्क' वाचावेत. बोजा, कुळाचा हक्क, आदिवासी जमिनीचा निर्बंध तिथे शोधावा. दुय्यम निबंधकाच्या कचेरीतील जुन्या नोंदी वकिलाकडून तपासून घ्याव्यात.

एवढे झाल्यावर भाव बोलावा, आणि तो लेखी द्यावा. रक्कम किती, ती कशी देणार, कागद निर्वेध असल्यासच व्यवहार होईल, आणि आमचा शब्द अमुक तारखेपर्यंतच, असे स्पष्ट लिहावे. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे प्रस्तावाला मुदत घातली असेल, तर मुदत टळताच तो आपोआप संपतो. आणि समोरच्याने तो स्वीकारण्यापूर्वी आपल्याला मागेही घेता येतो. म्हणून लवकर बोलणारा माणूस अडकतो, ही भीती अनाठायी आहे. अडकतो तो कागद न पाहता इसार देणारा.

इसार चेकने द्यावा आणि पावती घ्यावी. 'रेरा'खाली नोंदलेल्या योजनेत घर घेत असाल, तर नोंदणीकृत करार होण्यापूर्वी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, असे २०१६ चा कायदा सांगतो. जुने घर असेल, तर साठेखताने मालकी मिळत नाही. खरेदीखत नोंदवले जाईल, तेव्हाच घर तुमचे.

श्रीमंताचा एक सौदा हुकला, तर तो दुसरा करतो. कामगाराच्या हाती आयुष्यभराची पुंजी एकदाच येते. म्हणून तयारीचा आळस त्यालाच परवडत नाही. घर शोधायला निघण्यापूर्वी आपला आकडा आणि आपले कागद जुळवून ठेवा, एवढीच आमची विनंती आहे.