ब्रह्मदेशाहून पायी

(संघाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान, सभासदांच्या आग्रहावरून येथे छापीत आहोत.)



दरवर्षी या व्यासपीठावरून आपण तीर्थयात्रांची वर्णने ऐकतो. ती ऐकावयास गोड असतात, कारण सांगणारा सुखरूप परत आलेला असतो. आज आम्ही ज्या प्रवासाविषयी बोलणार आहोत त्यात सुमारे पाच लाख माणसे निघाली होती व त्यांतील कित्येक हजार वाटेतच राहिली. १९४२ साली ब्रह्मदेशातून, म्हणजे ज्याला आज म्यानमार म्हणतात त्या देशातून, आपले लोक नदीने, बैलगाडीने आणि बहुतांशी पायी हिंदुस्थानात आले, तो हा प्रवास. शाळेच्या इतिहासात या घटनेला दोन ओळीही मिळत नाहीत. ह्यू टिंकर नावाच्या इंग्रज इतिहासकाराने १९७५ साली या विषयावर प्रबंध लिहिला, तेव्हा त्याच्या शीर्षकातच त्याने या प्रयाणाला 'विस्मृत' असे म्हटले.

मराठी माणसाला ब्रह्मदेश परका नव्हे. लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात होते आणि गीतारहस्य तेथेच लिहिले गेले, हे आपल्यातील मुलेही सांगतील. उलट बाजूने पाहावे तर ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी रत्नागिरीस आणून ठेविले व १९१६ साली तो तेथेच वारला. त्याचा राजवाडा पाहावयास आपण सहली नेतो. एका देशाचा राजा इकडे व दुसऱ्या देशाचा पुढारी तिकडे, अशी ही इंग्रजी राज्याची अदलाबदल होती! परंतु राजाला आणि पुढाऱ्याला सरकारने आपल्या खर्चाने आगबोटीतून नेले. सामान्य माणसाची पाळी आली तेव्हा आगबोट उरली नव्हती.

१९३१ च्या शिरगणतीत ब्रह्मदेशात हिंदी लोक दहा लाखांवर होते. रंगून शहराची वस्ती सुमारे चार लाख. तीत निम्म्याहून अधिक हिंदी. गोदीत तेलुगू व उडिया हमाल, नदीवरील आगबोटींवर चितगावचे खलाशी, कचेऱ्यांत बंगाली कारकून, सावकारीत तमिळ चेट्टी. आपले मराठी लोक त्यामानाने थोडे. कलकत्त्याहून तीन-चार दिवसांत बोट रंगूनला लागे. डेकचे तिकीट स्वस्त असे, आणि म्हणून जमिनीवरून वाट काढण्याची गरज कोणाला भासलीच नाही. १९३७ साली ब्रह्मदेश हिंदुस्थानापासून राज्यकारभारात वेगळा झाला, तरी दोन्ही देशांना जोडणारा मोटारीचा धड रस्ता नव्हता. त्यातच मंदीच्या काळात दक्षिण ब्रह्मदेशातील भाताच्या जमिनीचा मोठा हिस्सा कर्जापोटी चेट्टींच्या हाती गेला. ब्रह्मी शेतकऱ्याच्या मनात सल राहिला; १९३० व १९३८ साली दंगे झाले. आमच्या मते तो सल सर्वस्वी अकारण नव्हता. पण त्याचा वचपा निघाला तो हमालावर आणि कारकुनावर.

२३ डिसेंबर १९४१ रोजी जपानी विमानांनी रंगूनवर बाँब टाकले. नाताळच्या दिवशी पुन्हा टाकले. उघड्यावर उभे राहून विमाने पाहणारे हजारावर लोक मेले. गोदी ओस पडली. बोटींवर जागा थोडी, आणि ती प्रथम कोणाला मिळाली हे सांगावयास नको. ८ मार्च १९४२ रोजी रंगून पडले व समुद्राची वाट मिटली.

आता थोडा भूगोल पाहू. जन्मभर नकाशापुढे छडी घेऊन उभे राहिल्याने ती सवय आम्हांस सुटत नाही. ब्रह्मदेशातील नद्या उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतात. ऐरावती ही मुख्य; तिला मंडालेच्या खालच्या अंगास पश्चिमेकडून चिंदविन मिळते. या नद्यांच्या आणि हिंदुस्थानच्या मध्ये आराकान योमा, चिन टेकड्या, नागा टेकड्या व पाटकाई अशा रांगा, त्याही उत्तर-दक्षिणच, बरगड्यांसारख्या एकामागे एक उभ्या आहेत. म्हणजे नदी माणसाला वर नेईल किंवा खाली नेईल, पण घराकडे नेणार नाही. घर पश्चिमेला. नदीने जेवढे वर जाता येईल तेवढे जावयाचे आणि मग नदीकडे पाठ करून एकेक बरगडी चढावयाची व उतरावयाची.

पहिली वाट प्रोमवरून. रंगूनहून प्रोमपर्यंत आगगाडी होती. गाडी न मिळालेले चालत गेले. प्रोमला ऐरावती ओलांडून आराकान योमा चढावयाचा आणि शंभर मैलांहून अधिक चालून समुद्रकाठच्या तांगुपला उतरावयाचे. तेथून होडीने किंवा लहान बोटीने अक्याब, आणि पुढे चितगाव. ही वाट लाखाहून अधिक लोक चालले. वाटेत पाण्याचे झरे मोजके. पुढे गेलेला माणूस झऱ्याकाठी बसे, आणि त्याची घाण मागून येणाऱ्याच्या लोट्यात येई. पटकीला याहून अधिक काही लागत नाही. सरकारने काही काळ वाट अडवून धरली. पटकीचे कारण खरे होतेच, परंतु हमाल निघून गेले तर गोदी कोण चालविणार, हीही चिंता त्यात होती. प्रोमला थांबवलेल्या गर्दीत पटकी अधिकच माजली.

दुसरी वाट मंडालेवरून. रंगून-मंडाले आगगाडीची वाट सुमारे ३८५ मैलांची. मंडालेच्या आसपासच्या छावण्यांत हजारो माणसे पडून राहिली. ३ एप्रिल रोजी मंडालेवर बाँब पडले आणि लाकडी घरांचे ते शहर कित्येक दिवस जळत राहिले. तेथून मोनिवाला जाऊन चिंदविनमधून आगबोटीने कलेवापर्यंत जावयाचे. कर्कवृत्त कलेवाच्या थोडेसेच उत्तरेने जाते.

या आगबोटींबद्दल दोन शब्द अधिक सांगतो, कारण त्या यंत्राचे आम्हांस कौतुक आहे. त्या ऐरावती फ्लोटिला नावाच्या स्कॉटिश कंपनीच्या. तिच्यापाशी लहानमोठी सहाशेंवर जहाजे होती. तळ सपाट, पाण्यात फार थोड्या बुडणाऱ्या, चाकाने पाणी मागे लोटीत चालणाऱ्या. मार्च-एप्रिलमध्ये चिंदविनचे पाणी उतरते व वाळूचे दांडे वर येतात. तेव्हा नाळेवर दोन्ही अंगांस खलाशी उभे राहून रंगवलेल्या बांबूने खोली मोजीत व ओरडून सांगत. ते खलाशी बहुतेक चितगावचे मुसलमान. त्यांची स्वतःची घरेही त्याच डोंगरांपलीकडे होती. तरी त्यांच्यातील कित्येक शेवटपर्यंत बोटीवर राहिले, हे आवर्जून नमूद केले पाहिजे. शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून कंपनीच्या माणसांनी त्या उन्हाळ्यात आपल्याच हाताने शेकडो जहाजे नदीत बुडविली. मागे राहिलेल्यांची नदीची वाट तेथे संपली.

कलेवाच्या पुढे कबाव खोरे. हिवतापासाठी ते खोरे सैन्यातही बदनाम होते. ते ओलांडून तामू, तेथून सुमारे चाळीस मैल डोंगर चढून उतरून पलेल, मग इंफाळ, आणि इंफाळहून दिमापूरचे आगगाडीचे ठाणे. नकाशावर ही वाट बोटभर दिसते. प्रत्यक्षात लेकुरवाळ्या बायका, पाठीवर म्हातारी आई घेतलेले मुलगे, डोक्यावर ट्रंक घेतलेले कारकून असे ते चालत. पहिल्या चढावर ट्रंक जाई. दुसऱ्या चढावर तांब्या-पितळेची भांडी जात. पुढे काय जाई ते सभेत मुले बसली असताना आम्ही सांगत नाही.

येथे एका मराठी गृहस्थाचे नाव आदराने घेतले पाहिजे. वणीचे लोकनायक बापूजी अणे त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात परदेशस्थ हिंदी लोकांच्या खात्याचे सभासद होते. निर्वासितांत गोऱ्यांना एक वाट आणि काळ्यांना दुसरी, अधिक खडतर वाट, अशी तक्रार देशभर उठली होती. लोक त्यांना 'गोरी वाट' व 'काळी वाट' असेच म्हणू लागले. बापूजी दिल्लीत बसून कागद चाळीत राहिले नाहीत. एप्रिलमध्ये पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्यासह ते स्वतः आसाम-मणिपूरकडे गेले आणि निर्वासितांची स्थिती त्यांनी डोळ्यांनी पाहिली. त्यानंतर व्यवस्थेत काही सुधारणा झाली. अलाहाबादेस भरलेल्या अखिल भारतीय काँग्रेस समितीनेही या वागणुकीचा निषेध केला. बापूजींनी सरकारी मंडळात जावे की नाही यावर त्या काळी पुष्कळ टीका झाली होती. टीकाकारांचे म्हणणे काही असो, त्या खुर्चीवर त्या वेळी तो माणूस होता हे निर्वासितांचे भाग्य, असे आम्हांस वाटते.

आसामच्या चहामळेवाल्यांच्या संघटनेने वाटेवर छावण्या उघडल्या. तांदूळ, चहा व औषध पुरविले. श्रेय मळेवाल्यांना मिळाले ते योग्यच आहे. परंतु त्या छावण्या उभारणारे, रस्ता खोदणारे, आजाऱ्यांना वाहणारे हात मळ्यातील मजुरांचे, नागांचे आणि मणिपुरी लोकांचे होते. त्यांची नावे कोठे लिहिलेली आम्हांस आढळली नाहीत.

१० मे रोजी इंफाळवरच बाँब पडले. त्याच सुमारास पाऊस सुरू झाला. ८ मे रोजी मिचिना जपान्यांच्या हाती गेले व विमानाने सुटण्याची आशा संपली. तेव्हा उत्तरेकडे अडकलेले लोक तिसऱ्या वाटेने, हुकाँग खोऱ्यातून पाटकाई ओलांडून लेडोकडे निघाले. ही वाट सर्वांत वाईट. गुडघाभर चिखल, जळवा, पूर आलेले ओढे. विमानांतून धान्याची पोती टाकीत. शिनब्वियांग येथे पोचलेल्यांना पाऊस सरेपर्यंत थांबा असे सांगण्यात आले. थांबलेलेही मेले आणि न थांबलेलेही मेले. आणखी उत्तरेस चौकान खिंडीतून जे थोडे आले त्यांना मॅक्रेल नावाच्या चहावाल्याने हत्ती घालून पुराच्या नदीतून बाहेर काढले. एकूण मेले किती? टिंकरने दहा हजार ते पन्नास हजार असा अंदाज दिला आहे. त्याहून मोठे आकडे देणारेही आहेत. ज्यांच्या अंदाजात चाळीस हजारांचे अंतर पडते, त्यांची गणती कोणी केलीच नाही असाच याचा अर्थ.

आता घरचे सांगतो. आमच्या वडिलांच्या थोरल्या बहिणीचे यजमान रंगूनला एका लाकडाच्या पेढीत हिशेबनीस होते. आत्याबाई १९४० साली बाळंतपणासाठी देशी आल्या त्या येथेच राहिल्या. यजमानांचे शेवटचे पत्र मार्च १९४२ चे, मंडालेहून. 'मोनिवाकडे निघतो आहे, प्रकृती बरी आहे, मुलाचे नाव काय ठेविले ते कळवावे', एवढाच मजकूर. पुढे काही नाही. पेढीला पत्रे घातली; तिच्याकडेही माहिती नव्हती.

कायद्याला सात वर्षे पुरतात. माणसाची सात वर्षे वार्ता नाही तर तो मेला असे धरून चालता येते. शास्त्राला बारा लागतात. बारा वर्षांनी पालाशविधी करावा, पळसाच्या पानांची प्रतिमा करून दहन द्यावे. १९५४ साली घरातील वडीलधाऱ्यांनी तसे ठरविले. त्यांत त्यांचा दुष्टावा नव्हता. मुलाची मुंज व्हावयाची होती, जमिनीच्या वाटणीत नाव लावावयाचे होते, आणि 'ही धड सवाशीण नाही, धड विधवा नाही' ही कुजबुज त्यांनाही सोसवत नव्हती. आत्याबाईंनी जमिनीच्या कागदावर मुकाट्याने सही केली. विधीला मात्र त्यांनी नकार दिला. भटजी दारात उभे असताना त्या म्हणाल्या, "पायी निघालेल्या माणसाला उशीर व्हायचाच." पळसाची पाने तशीच वाळली. हळदीकुंकवाला कोणी बोलावी, कोणी टाळी. आमच्या आई मात्र दर चैत्रात त्यांनाच पहिले कुंकू लावीत. आम्ही लहानपणी ते पाहिलेले आहे. १९७९ साली त्या गेल्या, कपाळावर कुंकू घेऊन. त्यांना नेताना सवाशिणीचे हिरवे लुगडे नेसवावे की नाही यावरही वाद झाला. ते आमच्या वडिलांनी नेसविले.

आज त्या वाटेची स्थिती काय, असे तरुण मंडळी विचारतील. तामूहून कलेवाकडे जाणारा रस्ता भारतानेच बांधून २००१ साली खुला केला. २०१८ साली मोरे-तामू येथून प्रवाशांना रीतसर ये-जा करता येऊ लागली. मग २०२० ची साथ आली, २०२१ साली म्यानमारात लष्कराने सत्ता घेतली, आणि २०२३ पासून मणिपूरही अशांत झाले. तिकडे आराकानात सितवे, म्हणजे जुने अक्याब, येथून कालादान नदीने पलेटवा व पुढे रस्त्याने मिझोराम, असा मार्ग काढण्याचा करार २००८ साली झाला. सितवे बंदरात पहिले जहाज २०२३ च्या मे महिन्यात लागले. पुढच्याच जानेवारीत पलेटवा बंडखोर आराकान सेनेने घेतले.

संघाच्या जुन्या कुटुंबनोंदवहीत, १९५१ च्या खानेसुमारीच्या वेळी केलेल्या, काही नावांपुढे 'ब्रह्मदेशी. पत्ता नाही' असा शेरा आम्ही पाहिला आहे. आपल्यापैकी ज्यांच्या घरी रंगून, मंडाले, मोनिवा किंवा चितगावचे शिक्के असलेली पत्रे असतील, छावणीची चिठ्ठी असेल, बोटीच्या तिकिटाचा तुकडा असेल, किंवा एखाद्या वृद्धाच्या तोंडून ऐकलेली नुसती हकीकत असेल, त्यांनी ती नकलून कार्यवाहांकडे द्यावी. मूळ कागद देऊ नये. तो घरीच राहू द्यावा. नोंदवहीतील त्या शेऱ्यांसमोर डाव्या बाजूस समास मोकळा आहे. तेथे लिहिण्याचे काम आम्ही पत्करले आहे व दर रविवारी सकाळी नऊ ते अकरा आम्ही त्यासाठी कार्यालयात बसतो.