प्रवरेच्या काठी आपलं स्वागत



स्वागत समितीच्या वतीनं आणि समस्त नेवासकरांच्या वतीनं मी आपलं मनापासून स्वागत करतो. माणूस कसा घडला आणि त्यालाच एवढी बुद्धी का लाभली, या प्रश्नावरची परिषद एका तालुक्याच्या गावी भरते आहे, याचा आम्हाला अतोनात आनंद आहे. आमच्या गावात रेल्वे येत नाही. आपल्यापैकी कुणी नगरला उतरून, कुणी श्रीरामपूरला उतरून, कुणी फाट्यावर एस.टी. सोडून इथवर पोहोचलात. त्यात उसाचा हंगाम. रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग. तरीही मांडव भरलेला दिसतो आहे, म्हणून आधी आपल्याला हात जोडतो.

मी पेशानं डॉक्टर. या गावात प्रसूतिगृह चालवण्यात माझं आयुष्य गेलं. उत्क्रांतिशास्त्राचा मी अभ्यासक नव्हे, आणि आपल्यासारख्यांपुढे त्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार थोडाच. पण नेवाशाबद्दल बोलायचा अधिकार मात्र मी सोडणार नाही. परिषदेचं निमंत्रण गेल्यावर अनेकांनी विचारलं, नेवासाच का? त्यांना उत्तर द्यायला मला ही आयतीच संधी आहे.

नेवासा म्हटलं की महाराष्ट्राला आधी ज्ञानेश्वर माउली आठवतात, आणि तसंच असायला हवं. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. गावाच्या पश्चिमेला ज्या दगडी खांबाला टेकून माउलींनी गीतेवरची टीका सांगितली, तो पैस खांब आजही उभा आहे. आज दुपारी आपण तिथे जाणारच आहोत. खांबाजवळ गेल्यावर एक करा. नमस्कार झाला की त्यावर कोरलेली अक्षरं जरा जवळून पाहा. तो लेख माउलींच्याही आधीचा. करवीरेश्वराच्या देवळात दिवा अखंड तेवत राहावा म्हणून तेलासाठी दिलेल्या दानाची ती नोंद आहे. दुर्गाबाई भागवतांनी या खांबावर लिहिलं आणि पुस्तकालाही ‘पैस’ हेच नाव दिलं. त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचं पारितोषिक मिळालं, याचा आम्हाला घरच्या कौतुकाइतका अभिमान आहे.

पण माउलींबद्दल सांगायला मी कोण? मला आज सांगायचं आहे ते सच्चिदानंदबाबांबद्दल. ज्ञानेश्वरीच्या अखेरीला ज्यांचा लेखक म्हणून आदरानं उल्लेख येतो, ते सच्चिदानंदबाबा. परंपरा सांगते की बाबांचं निधन झालं होतं आणि त्यांची पत्नी सती जायला निघाली होती. वाटेत तिनं ज्ञानदेवांना नमस्कार केला, त्यांनी सौभाग्याचा आशीर्वाद दिला आणि बाबा उठून बसले. त्यानंतर त्यांनी लेखणी हाती धरली. आख्यायिका बाजूला ठेवली तरी एवढं उरतंच की कुणी तरी बसून नऊ हजारांवर ओव्या ऐकल्या आणि उतरून घेतल्या. ओवी सांगणारा थांबत नव्हता, म्हणून लिहिणाऱ्यालाही थांबता आलं नसेल. पुढे नकला होत गेल्या, पाठभेद शिरले, आणि शके १५०६ मध्ये पैठणच्या नाथमहाराजांनी पोथी शुद्ध करून ठेवली. या साखळीची पहिली कडी आमच्या गावची आहे. सच्चिदानंदबाबांचं नाव आज शाळेतल्या मुलांना ठाऊक नसतं, त्याचं मला फार वाईट वाटतं. त्यांच्या नावानं या गावात लेखन-हस्तलिखितांचं एखादं दालन व्हावं, अशी माझी जुनी इच्छा आहे आणि आजच्या सभेपुढे ती मी पुन्हा मांडतो.

मोहिनीराजाचं देऊळही आपण पाहाल. होळकरांचे दिवाण चंद्रचूड यांनी अठराव्या शतकात ते बांधवलं. त्याच्या भिंतींवरची शिल्पं पाहायला सकाळचं ऊन चांगलं. त्यावर अधिक बोलत नाही, कारण आता मला नदीकडे जायचं आहे.

प्रवरेच्या काठी लाडमोड नावाचं पांढरीचं टेकाड आहे. १९५४ ते ५६ मध्ये आणि पुन्हा १९५९ नंतर, पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या डॉ. हसमुख धीरजलाल सांकळिया यांनी आपल्या सहकाऱ्यांसह तिथे उत्खनन केलं. वरचे थर मराठे-मुसलमान काळाचे, त्याखाली सातवाहनांचे, रोमशी व्यापार सांगणाऱ्या मद्यकुंभांचे तुकडे, आणि त्याखाली सुमारे तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीची ताम्रपाषाणयुगीन वस्ती. त्या वस्तीतल्या घरांच्या जमिनीखाली दफनं सापडली आणि त्यांतली बहुतेक लहान मुलांची होती. दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे आणि मूल त्यात. एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. मण्यांच्या आत दोऱ्याचा अंश अजून टिकून होता. माझ्यासारख्याला, ज्याच्या हातून मुलं जन्माला आली आणि काही दगावलीही, हे वाचून पुढचं पान उलटवत नाही. गावाबाहेर नेलं नाही, घरातच ठेवलं. गळ्यातली माळसुद्धा काढून घेतली नाही.

सांकळियांना त्याच नदीकाठी याहून कितीतरी जुनं काही सापडलं. प्रवरेनं कापलेल्या दरडींत एकावर एक गाळाचे थर आहेत. खालच्या वाळू-गोट्यांच्या थरात मोठ्या, काळ्या दगडाच्या हातकुऱ्हाडी आणि फरश्या. वरच्या थरात मात्र लहान, गारगोटी-जास्परसारख्या गुळगुळीत रंगीत दगडाच्या तासण्या आणि टोचे. त्यांच्याबरोबर प्राचीन रानबैलाचे अश्मीभूत अवशेषही मिळाले. मोठ्या हत्यारांकडून लहान हत्यारांकडे झालेला हा बदल वेगळ्या युगाचा आहे, हे सांकळियांनी इथे थरांच्या पुराव्यानं दाखवलं. भारतातलं मध्य पुराश्मयुग असं नेवाशाच्या दरडीतून उभं राहिलं, आणि जगभरच्या अभ्यासकांनी काही काळ त्या हत्यारांना आमच्या गावाच्या नावानंच ओळखलं. आम्ही नेवासकर मात्र त्याच काठावर म्हशी धुवत होतो आणि आम्हाला याचा पत्ता नव्हता. तो लागावा म्हणूनही ही परिषद इथे हवी होती.

आणि आता माझ्या मनातली सर्वांत मोठी व्यक्ती. गुद्रुन कॉर्विनस. जर्मनीहून आलेल्या या भूशास्त्रज्ञ बाईंनी साठच्या दशकात प्रवरेचं सगळं खोरं पायी धुंडाळलं. नेवाशाजवळ चिरकी नाला प्रवरेला मिळतो, तिथे त्यांनी १९६६ ते ६९ या काळात उत्खनन केलं. गोट्यांच्या थरावर लाखो वर्षांपूर्वीची हत्यारं अशी पसरलेली होती, की माणसं नुकतीच उठून गेली असावीत. हातकुऱ्हाडी, फरश्या, तोडहत्यारं, छिलके, सारं जागच्या जागी. हत्यार कुठे पडलं आहे, कोणत्या दगडाचं आहे, हे एकेक नोंदवत त्यांनी पुढे दोन खंड लिहिले. उन्हाळ्यात या काठावर दुपारी दगडाला हात लाववत नाही, हे आपल्यापैकी स्थानिकांना सांगायला नको.

पण खरी नवलाची गोष्ट पुढे आहे. चिरकीहून या बाई इथिओपियात गेल्या, अफारच्या वाळवंटातल्या हडारच्या मोहिमेत. १९७४ मध्ये ‘ल्यूसी’ नावाचा मानवपूर्वजाचा सांगाडा जिथे सापडला, तेच हडार. १९७६ मध्ये शेजारच्या गोना भागात त्यांना आणि फ्रेंच संशोधक एलेन रोश यांना दगडी हत्यारं मिळाली. गोनाची हत्यारं सुमारे २६ लाख वर्षांपूर्वीची आहेत, हे पुढे सिद्ध झालं, आणि अनेक वर्षं तीच जगातली सर्वांत जुनी मानली गेली. प्रवरेच्या दगडांवर तयार झालेली नजर आफ्रिकेत कामाला आली, असं मी मानतो. नंतर त्या नेपाळच्या शिवालिक टेकड्यांत रमल्या. नेवाशात त्यांच्या नावाची एक पाटीसुद्धा नाही. परिषदेनं याबाबत ठराव करावा. चिरकीच्या जागेला कुंपण आणि माहितीफलक मिळावा यासाठी स्वागत समिती पाठपुरावा करील, असा शब्द मी देतो.

आता विषयाकडे येतो, आणि थोडक्यातच. चिरकीला हत्यारं मिळाली, माणूस मिळाला नाही. आपल्या देशात इतक्या जुन्या माणसाची हाडं फार दुर्मीळ. १९८२ मध्ये अरुण सोनकियांना नर्मदाकाठी हथनोऱ्याला कवटी मिळाली, तिच्यावर आजही चर्चा चालू आहे. ल्यूसीच्या जातीचा मेंदू साडेचारशे घनसेंटिमीटरच्या आसपासचा, आपला साधारण तेराशे पन्नास. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण विश्रांतीच्या वेळी शरीराच्या शक्तीतला पाचवा हिस्सा तो एकटा खातो. एवढा खर्चिक अवयव निसर्गानं का पोसला? कुणी मांसाकडे बोट दाखवतात, रिचर्ड रँगम विस्तवावर शिजवलेल्या अन्नाकडे, तर रॉबिन डनबार मोठ्या टोळीत नाती सांभाळण्याच्या गरजेकडे. निवाडा आपण करा. माझी साक्ष फक्त बाळंतिणीच्या खोलीतली आहे.

मेंदू मोठा झाला आणि दोन पायांवर चालल्यामुळे ओटीपोटाची वाट अरुंद राहिली. बाळाला बाहेर येताना डोकं वळवावं लागतं, आणि बहुतेक वेळा ते आईच्या पाठीकडे तोंड करून येतं. वानरीण बाळाला स्वतः हातानं ओढून घेऊ शकते. आपल्या बाईनं तसं ओढलं तर बाळाची मान मागे वाकायची भीती. म्हणून माणसाच्या जन्माला दुसरा हात लागतो. मी डॉक्टर होऊन आलो तेव्हा गावात जुन्या सुइणी होत्या. त्यातल्या एकीनं मला अडलेल्या बाळाचा खांदा बोटांनी कसा सोडवायचा ते दाखवलं. पुस्तकात ते वाचून मला जमलं नव्हतं. तिला तिच्या सासूनं शिकवलं होतं. आणि बाळ बाहेर आलं तरी काम संपत नाही. जन्मतः त्याचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान असतो. उरलेली वाढ आईच्या मांडीवर, आजीच्या पुढ्यात, दहा जणांच्या बोलण्यात होते. नातवंडं सांभाळणाऱ्या आज्यांमुळे माणूस तगला, असं क्रिस्टन हॉक्स यांनी मांडलं, तेव्हा आमच्या गावातल्या बायकांना त्यात नवं काही वाटलं नसतं.

म्हणून माझं मत असं की माणसाची बुद्धी एकट्याच्या डोक्यात वाढलेली नाही. निअँडरथल माणसाचा मेंदू आपल्यापेक्षा लहान नव्हता, म्हणजे नुसत्या आकारानं भागत नाही. चिरकीची हातकुऱ्हाड दोन्ही बाजूंनी तासून सारखी करायला आधी कुणाच्या तरी शेजारी बसून शिकावं लागलं असणार. एकानं दाखवायचं, दुसऱ्यानं नीट उतरवून घ्यायचं आणि तिसऱ्यानं त्यात भर घालायची. यातलं उतरवून घेणं हे सच्चिदानंदबाबांचंच काम आहे. मेंदूच्या आकाराची चर्चा आपण दोन दिवस कराल, तेव्हा शिकवणाऱ्याला आणि उतरवून घेणाऱ्यालाही त्यात जागा द्यावी, एवढीच माझी विनंती.

व्यवस्थेबद्दल बोलायलाच हवं. मुक्काम मंगल कार्यालयात आणि शाळेच्या वर्गांत आहे. गाद्या आहेत, पण खोलीत चार-पाच जणांना राहावं लागेल. गरम पाणी सकाळी साडेपाच ते सात बंबावर मिळेल. नदीकाठचं गाव असल्यामुळे डास आहेत. प्रत्येक खोलीत उदबत्ती ठेवली आहे. वीज गेली तर जनरेटर आहे, तो सुरू व्हायला काही मिनिटं लागतात. पडद्यावर चित्रं दाखवणाऱ्या वक्त्यांनी तेवढा वेळ सांभाळून घ्यावा. ज्यांना तिखट चालत नाही त्यांच्यासाठी वेगळी भाजी केली आहे, कृपया वाढणाऱ्या मुलांना सांगा, ती संकोचानं विचारत नाहीत. ज्येष्ठ मंडळींना जिने चढावे लागू नयेत म्हणून तळमजला राखून ठेवला आहे. एवढं करूनही उणीव राहीलच, तिचा दोष माझ्याकडे द्यावा. राबणाऱ्या पोरांकडे नको. ती आठवडाभर धड झोपलेली नाहीत.

आभार मानायचे तर यादी मोठी आहे, आणि बहुतेकांनी आपलं नाव घेऊ नये असं बजावलं आहे. मांडव आणि खुर्च्या ज्यांनी विनामूल्य दिल्या ते व्यापारी बंधू समोरच बसले आहेत. दोन्ही दिवसांचा तांदूळ आणि डाळ एका शेतकरी कुटुंबानं दिली, दूध गवळ्यांच्या घरांतून येतं आहे, भाकरी बचत गटाच्या भगिनी पहाटेपासून थापत आहेत. गुऱ्हाळवाल्यांनी गूळ पाठवला, औषधांच्या दुकानदारांनी प्रथमोपचाराची पेटी. चिरकीला जाण्यासाठी गाड्या देणारे तरुण स्वतःच गाडी चालवणार आहेत. शाळेनं वर्ग दिले, शिक्षकांनी सुट्टी दिली नाही. पैस खांबावर तेल देणाऱ्याची नोंद दगडात राहिली. आपल्या स्मरणिकेत या सगळ्यांची नोंद राहील, ते नको म्हणाले तरी.

उद्या सकाळी सात वाजता चिरकीला जाणाऱ्या गाड्या निघतील. पायात बूट असावेत, डोक्याला टोपी आणि पाण्याची बाटली बरोबर घ्यावी. काठावर दगडी हत्यार दिसलं तर पाहावं, छायाचित्र काढावं, पण उचलून खिशात घालू नये. जागेवरून हललेला दगड निम्मं बोलणं विसरतो, हे आपण आम्हाला शिकवलं आहे.

आता परिषदाध्यक्षांनी आसन स्वीकारून कामकाज सुरू करावं, अशी मी नेवासकरांच्या वतीनं त्यांना नम्र विनंती करतो.