मंडप कुणाचा, व्यासपीठ कुणाचे?

(कार्यकर्त्यांच्या उन्हाळी अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



वैशाखातल्या दुपारी, जेवणे उरकल्यावर, अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाचे भाषण ठेवणे हा संयोजकांनी माझ्यावर टाकलेला विश्वास आहे की तुमच्यावर काढलेला राग, हे मला अजून ठरवता आलेले नाही. ज्यांना डुलकी लागेल त्यांनी संकोच करू नये. चाळीस वर्षे वर्गात शिकवल्यामुळे मला त्या दृश्याची सवय आहे.

विषय मी मुद्दाम दूरचा निवडला आहे, पण त्याचे निमित्त जवळचे आहे. आपल्या या शिबिराचा सगळा खर्च पुढील वर्षापासून आपण उचलू, असे पत्र एका धनवान गृहस्थाकडून संयोजन समितीकडे आले आहे. मंडपावर त्यांच्या संस्थेचे नाव असावे आणि पाच दिवसांपैकी एका दिवसाचा कार्यक्रम त्यांनी आखावा, एवढीच त्यांची अपेक्षा आहे. समितीत यावर दोन तट पडले. मला मत विचारले तेव्हा मी म्हणालो, मत नंतर देतो, आधी एक हकिकत सांगू द्या. ही हकिकत अमेरिकेतील आहे.

न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला शटॉक्वा नावाचे एक तळे आहे. १८७४ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या काठच्या झाडीत तंबू ठोकून दोन आठवड्यांचा एक वर्ग भरला. वर्ग होता रविवारच्या धर्मशाळांतून शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी. तो भरवणारे दोघे होते: जॉन व्हिन्सेंट हे मेथडिस्ट पंथाचे पाद्री आणि लुइस मिलर हे ओहायोतील शेतीयंत्रांचे कारखानदार. त्या काळी अमेरिकेत माळरानावर आठ-आठ दिवस धर्मजागराचे मेळावे भरत. तेथे प्रवचने ऐकून माणसे रडत, ओरडत, अंगात आल्यासारखी कोसळत. व्हिन्सेंटना हा प्रकार आवडत नसे. धर्म शिकवायचा तर इतिहास, भूगोल आणि भाषा यांच्यासह शांतपणे शिकवावा, असे त्यांचे मत होते. एकदा ही दारे उघडल्यावर मागोमाग विज्ञान, संगीत आणि राजकारणही आत आले. आपल्यापैकी काहींना 'धर्म' हा शब्द ऐकताच अस्वस्थ व्हायला होते, म्हणून हे सांगतो: जनतेच्या शिक्षणाची ही चळवळ देवळाच्या ओसरीवरून सुरू झाली आणि ओसरी ओलांडून पुढे गेली.

१८७८ मध्ये व्हिन्सेंटनी चार वर्षांचा एक वाचनक्रम काढला. घरबसल्या ठरावीक पुस्तके वाचायची, गावातल्या चारदोन जणांनी मिळून मंडळ करायचे, आठवड्याला एकदा एखाद्याच्या घरी दिव्याभोवती बसून चर्चा करायची आणि जमल्यास उन्हाळ्यात तळ्याकाठी यायचे. पहिल्याच वर्षी आठ हजारांहून अधिक माणसांनी नावे नोंदवली. या साऱ्या पत्रव्यवहाराची जबाबदारी केट किंबल या अठरा वर्षांच्या मुलीवर होती. नावे नोंदवणाऱ्यांत स्त्रियाच बहुसंख्य होत्या. महाविद्यालयाचे दार ज्यांनी कधी पाहिले नव्हते अशा शेतकऱ्यांच्या, दुकानदारांच्या, पाद्र्यांच्या बायका स्वयंपाक आटोपून ग्रीसचा इतिहास वाचू लागल्या. गंमत अशी, की स्वतः व्हिन्सेंट स्त्रियांना मताधिकार देण्याच्या विरोधात होते!

मराठी वाचकाला या तळ्याशी जोडणारा एक धागा आहे. दारूबंदीसाठी झटणाऱ्या अमेरिकन स्त्रियांची राष्ट्रीय संघटना १८७४ च्या नोव्हेंबरमध्ये क्लीव्हलंडला स्थापन झाली. तिचा बेत त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये शटॉक्वाला जमलेल्या स्त्रियांनी केला होता. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेस गेल्या, तेव्हा या संघटनेच्या कार्याने त्या प्रभावित झाल्या आणि १८८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' या ग्रंथात त्यांनी अमेरिकन स्त्रियांच्या संघशक्तीचे वर्णन आपल्यापुढे ठेवले. आणि शटॉक्वानंतर एकाच वर्षाने, १८७५ मध्ये, न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. एकाने दुसऱ्याचे अनुकरण केले असे मी म्हणत नाही. दोन्ही ठिकाणी एकाच सुमारास शिकण्याची भूक लागली होती, एवढेच.

आता माझ्या मुद्द्याकडे येतो. मूळ शटॉक्वाचे नाव घेऊन गावोगाव स्वतंत्र उन्हाळी सभा निघाल्या: ओहायोत लेकसाइड, कॅन्ससमध्ये ओटावा, टेनेसीत माँटईगल, कोलोरॅडोत बोल्डर. कुणी तळ्याकाठी, कुणी नदीकाठी जागा घेई. स्थानिक मंडळी समिती करीत, दारावर तिकीट लावीत, वक्ते स्वतः पत्रे लिहून बोलावीत. शेतकरी कुटुंबे घोडागाड्यांत चूल-भांडी घालून येत आणि आठवडा-दहा दिवस तंबूत राहत. या सभांचा दर्जा फार उंच होता, असे नव्हे. जादूचे कंदील आणि घंटावादनाचे खेळही असत. तत्त्वज्ञ विल्यम जेम्स १८९० नंतरच्या दशकात मूळ शटॉक्वाला आठवडाभर राहिले. तेथील सुव्यवस्थेने ते भारावले, पण बाहेर पडताना त्यांना सुटल्यासारखे वाटले, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. तेथे सगळे काही होते, फक्त झुंज नव्हती. ही टीका मला मान्य आहे. तरीही कोणाला बोलवायचे आणि काय ऐकायचे हे गाव ठरवी, आणि तोटा आला तर तोही गावच सोशी.

१९०४ मध्ये कीथ व्हॉटर नावाच्या एका व्यवस्थापकाने या व्यवहाराचे गणित बदलले. व्याख्याते पुरवणाऱ्या एका कंपनीत तो होता. त्याने पाहिले, की प्रत्येक गाव वेगळ्या तारखांना वेगळे वक्ते बोलावते, त्यामुळे वक्त्यांचे दिवस रिकामे जातात आणि रेल्वेभाडे वाढते. मग त्याने फिरत्या तंबूंची योजना काढली. रेल्वेमार्गावरची गावे ओळीने घ्यायची. पहिल्या दिवसाचा वक्ता सोमवारी एका गावी बोलला की मंगळवारी पुढच्या गावी तेच भाषण देईल आणि त्याच्या जागी दुसऱ्या दिवसाचा वक्ता येईल. एकही वक्ता रिकामा बसायचा नाही. पहिल्या वर्षी त्याला तोटा झाला; पण काही वर्षांत पद्धत अशी बसली, की मध्य अमेरिकेतील छोट्या गावांत उन्हाळा म्हणजे तपकिरी तंबू, असे समीकरण झाले. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मी या योजनेचे कौतुकच करीन.

परंतु करारनामा वाचा. गावातल्या पाचपन्नास प्रतिष्ठितांनी कंपनीला हमी लिहून द्यायची की इतक्या डॉलरांची तिकिटे खपतील. कमी खपली तर तूट आम्ही खिशातून भरू. कार्यक्रम मात्र कंपनी ठरवणार! शेवटच्या दिवशी, बँड वाजून मने उल्हसित झाली असताना, कंपनीचा माणूस व्यासपीठावरूनच पुढच्या वर्षीच्या हमीवर सह्या मागे. कोण नाही म्हणणार? धोका गावाचा, नफा कंपनीचा, निवडही कंपनीची. ज्या सभा गावांनी आपल्या कष्टाने उभ्या केल्या होत्या त्यांतल्या पुष्कळशा या स्पर्धेत बंद पडल्या.

आणि भाषणे कसली होत? ज्याची हमी पन्नास दुकानदारांनी आणि बँकवाल्यांनी दिली आहे, त्या तंबूत त्यांना खुपेल असे कोण बोलणार? तसे बोलायला कुणी मनाई केली नव्हती, हे लक्षात घ्या. विल्यम जेनिंग्ज ब्रायनसारखा लोकनेता तेथे हजारोंना खेचत असे. पण सर्वांत गाजलेल्या भाषणांपैकी एक होते रसेल कॉनवेल यांचे 'एकर्स ऑफ डायमंड्स'. श्रीमंती तुमच्याच परसात पुरलेली आहे, ती खणून काढणे हे तुमचे कर्तव्यच आहे, असा त्याचा आशय. हे एकच भाषण त्यांनी सहा हजारांहून अधिक वेळा दिले. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याला हिरे तुझ्याच शेतात आहेत असे सांगितले, म्हणजे सावकाराबद्दल बोलण्याचे कारणच उरत नाही. सिंक्लेअर लुइस यांनी १९२० च्या 'मेन स्ट्रीट' या कादंबरीत या फिरत्या तंबूची यथेच्छ थट्टा केली आहे.

१९२४ मध्ये चळवळीचा सुवर्णमहोत्सव झाला आणि त्यानंतर दहा वर्षांच्या आत तंबू उठले. मोटारगाडी, बोलपट, रेडिओ आणि १९२९ ची मंदी ही कारणे सगळे सांगतात. मी त्यात हमीदारांचा संताप मिळवीन. दरवर्षी तूट भरून ते थकले होते आणि भरलेल्या पैशाच्या बदल्यात त्यांच्या हाती काहीही नव्हते. मूळची तळ्याकाठची संस्थासुद्धा १९३३ मध्ये न्यायालयाने नेमलेल्या व्यवस्थापकाच्या हाती गेली. परंतु तिच्या माणसांनी वर्गण्या गोळा करून १९३६ मध्ये ती सोडवली. ती आजही चालते. १२ ऑगस्ट २०२२ रोजी सलमान रश्दी यांच्यावर हल्ला झाला तो तिच्याच व्यासपीठावर. परागंदा लेखकांना आसरा देण्याविषयी ते तेथे बोलणार होते.

आता ज्या भागासाठी मी हा सारा खटाटोप केला, तिकडे वळतो. याच काळात टेक्सास आणि ओक्लाहोमात तिसऱ्या प्रकारच्या उन्हाळी सभा भरत होत्या. आपल्या पक्षसाहित्यात त्यांचा उल्लेख क्वचितच आढळतो. १९०४ मध्ये, म्हणजे व्हॉटरने तंबू फिरवायला सुरुवात केली त्याच वर्षी, टेक्सासमधील ग्रँड सलाइन येथे समाजवादी पक्षाचा पहिला मोठा तळ पडला. नंतर असे तळ दर उन्हाळ्यात ठिकठिकाणी पडू लागले. वेळ हेरून निवडलेली असे: खुरपणी संपलेली, कापूस वेचणीला आलेला नाही, अशा मधल्या दिवसांत कुळे आपापल्या गाड्यांतून, बायकामुलांसह, दूरदूरच्या गावांहून येत. आठवडाभर मुक्काम. सकाळी गाण्याचा वर्ग, मग इतिहास आणि अर्थशास्त्राचे वर्ग, रात्री मोठी सभा. बोलायला युजीन डेब्ज, केट रिचर्ड्स ओ'हेअर, मदर जोन्स. चाली धर्मगीतांच्या, शब्द समाजवादाचे. व्यासपीठावर कितीदा तरी गावचा पाद्रीही असे आणि जमीन देवाची आहे, जमीनदाराची नव्हे, हे तो बायबल हातात घेऊन सांगे.

ऐकणारे कोण होते? ओक्लाहोमातील निम्म्याहून अधिक शेतकरी तेव्हा कुळे होती आणि बँका कायद्याने ठरवलेल्या दराच्या कितीतरी वर व्याज घेत. त्यांच्या परसात हिरे नव्हते. व्याज म्हणजे काय, गहाणखत म्हणजे काय, कापसाचा भाव कोण ठरवतो, हे त्यांना तळावर कळू लागले. घरी परतताना ते कॅन्ससमधील जिरार्ड गावी निघणाऱ्या 'अपील टू रीझन' या साप्ताहिकाची वर्गणी भरून जात. खेड्यात छापल्या जाणाऱ्या त्या समाजवादी साप्ताहिकाचा खप ऐन भरात पाच लाखांवर गेला होता. आपल्या साप्ताहिकाच्या व्यवस्थापकांनी हा आकडा ऐकून मनाला लावून घेऊ नये. १९१४ मध्ये ओक्लाहोमाच्या गव्हर्नरपदासाठी उभ्या राहिलेल्या समाजवादी उमेदवाराला पाचांत एकाहून अधिक मते पडली. आणि १९१० मध्ये कृष्णवर्णीयांचा मताधिकार हिरावणारी तरतूद तेथे आली, तेव्हा तिला विरोध करणाऱ्यांत हा पक्ष होता.

पैसा कुठून येई, हा तुमच्या मनातला प्रश्न. तळावर जत्रेसारखी दुकाने लागत, सरबत, आइस्क्रीम, फिरते पाळणे. त्यांच्यापासून उत्पन्न येई. वर्गणी असे. काही ठिकाणी गावचे व्यापारीही हातभार लावीत, कारण चारपाच हजार माणसे आली की दुकानातला माल खपे. म्हणजे व्यापाऱ्याचा पैसा या लोकांनी विटाळ मानला नाही. मात्र वक्त्यांची यादी पक्षाच्या स्थानिक शाखा करीत, आणि त्या यादीत व्यापाऱ्यासाठी दिवस राखून ठेवलेला नसे.

हे तळ पैशाअभावी मोडले नाहीत. १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली. ओक्लाहोमात सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध गरीब कुळांचा एक उठाव झाला, तो चिरडला गेला आणि त्याचे निमित्त करून पक्षावर वरवंटा फिरला. ओ'हेअरबाईंना एका भाषणासाठी पाच वर्षांची शिक्षा झाली, डेब्जना दहा वर्षांची. त्याच वर्षांत फिरते तंबू मात्र सरकारच्या युद्धप्रचाराला उपयोगी पडत होते आणि खुशाल भरत होते.

आता मत देतो. या गृहस्थांबद्दल माझ्या मनात राग नाही. त्यांनी आपली अट उघडपणे लिहिली, हा त्यांचा प्रामाणिकपणाच आहे. समितीतील तरुण सहकारी म्हणतात, "सर, एक दिवस त्यांचा, चार दिवस आपले, काय बिघडले?" बिघडेल ते त्या एका दिवसात नाही. उरलेल्या चार दिवसांची यादी करताना आपलाच हात कुठे कुठे अडखळेल, ते पाहा. ऊसतोड मजुरांच्या उचलीवर बोलायला कोणाला बोलवावे, असा प्रश्न येईल तेव्हा कुणीतरी हळूच म्हणेल, या वर्षी नको. पत्राला तसे कलम असण्याची गरजही नाही.

दुसऱ्या बाजूलाही मी सूट देणार नाही. "आमची तत्त्वे विकाऊ नाहीत" असे म्हणणाऱ्या साथींपैकी किती जणांनी या वर्षीची वर्गणी भरली, ते मी आज सकाळी खजिनदारांकडून समजून घेतले. आकडा सांगत नाही. गेल्या तीन वर्षांची तूट दोन वयोवृद्ध साथींनी आपल्या निवृत्तिवेतनातून भरली आहे, हेही मला तेव्हाच कळले.

तेव्हा समितीने उत्तर लिहावे ते असे: देणगी घेऊ, पण खर्चाच्या दहाव्या हिश्शापर्यंतच, इतर देणगीदारांसारखीच पावती देऊ, मंडपावर नाव नाही, कार्यक्रमाचा दिवस नाही. बहुधा ते नकार देतील. तसे झाले तर पुढील वर्षी शिबिर पाचाऐवजी तीन दिवसांचे करावे, मंडपाऐवजी या आंब्याखाली बसावे आणि प्रत्येकाने पीठ-तांदूळ घरून आणावे. वक्त्यांना प्रवासखर्च देऊ नये. माझ्यापासून सुरुवात करावी. चहानंतर समितीची बैठक आहे, ती सर्वांना खुली आहे.