हातोहात फिरणारें पुस्तक

कृष्णा आणि कोयना जेथें समोरासमोर येऊन मिळतात, त्या कऱ्हाड गांवीं १९७५ सालीं मराठी साहित्य संमेलन भरलें व दुर्गाबाई भागवत यांनीं अध्यक्षस्थान भूषविलें. त्याच वर्षीं दुसरी एक गोष्ट घडली. तिचा एवढा गाजावाजा मात्र झाला नाहीं. ताराबाई शिंदे यांचें 'स्त्रीपुरुषतुलना' हें पुस्तक स. गं. मालशे यांनीं पुन्हां प्रसिद्ध केलें. १८८२ सालीं पुण्यास त्याच्या ५०० प्रती निघाल्या होत्या. किंमत ९ आणे. मधलीं ९३ वर्षें तें बहुतेक वाचकांच्या दृष्टीआड होतें. कोठें तरी प्रत जपली गेली, म्हणूनच तें पुन्हां हातीं आलें.

ताराबाई निदान मराठा घराण्यांतल्या. ज्यांच्या हातीं पाटी देण्यासच समाज राजी नव्हता, त्या स्त्रियांच्या लेखनाची कथा याहून कठीण. फुले दांपत्याच्या शाळेंतील मुक्ता साळवे या मांग समाजांतील मुलीनें आपल्या लोकांच्या दुःखाविषयीं लिहिलेला निबंध आज वाचावयास मिळतो, तो १८५५ सालीं 'ज्ञानोदय' पत्रानें छापला व त्याचे जुने अंक टिकले म्हणून.

कऱ्हाडाच्याच जिल्ह्यांत, फलटणास, बेबीताई कांबळे दुकान चालवीत. माल बांधावयास आणलेले रद्दीचे कागद त्या आधीं वाचून काढीत. पुढें त्या स्वतः लिहूं लागल्या. परंतु घरांत कोणाच्या दृष्टीस पडूं नयेत म्हणून ते कागद त्यांना वर्षानुवर्षें दडवून ठेवावे लागले. फलटणास राहणाऱ्या विदुषी मॅक्सिन बर्नसन यांच्या प्रोत्साहनानें तें लेखन 'स्त्री' मासिकांत आलें, आणि १९८६ सालीं 'जिणं आमुचं' हें पुस्तक झालें. त्याच वर्षीं शांताबाई कांबळे यांची 'माज्या जल्माची चित्तरकथा' निघाली. त्यापूर्वीं कुमुद पावडे यांचा 'अंतःस्फोट', नंतर उर्मिला पवार यांचें 'आयदान'. एक फळी भरेल एवढी ही संपत्ति आहे.

ही अवस्था केवळ मराठीची नव्हे. अमेरिकेंतील कृष्णवर्णी लेखिका झोरा नील हर्स्टन यांची १९३७ ची कादंबरी बाजारांतून नाहींशी झाली होती. १९७३ सालीं अॅलिस वॉकर यांनीं त्यांची बेवारशी कबर शोधून तीवर शिळा बसविली, आणि १९७८ सालीं ती कादंबरी पुन्हां छापली गेली.

सुशिक्षितांच्या कपाटांत हीं पुस्तकें अजून क्वचितच दिसतात. कारण उघड आहे. या पुस्तकांत तेंच घर उंबरठ्याबाहेरून पाहिलेलें असतें, आणि तें दर्शन सुखाचें नसतें. म्हणूनच तें घ्यावें. दोन प्रती घ्याव्या. एक जपावी, दुसरीस खाकी वेष्टण घालून ती फिरती ठेवावी. नेणाराचें नांव व तारीख वहींत टिपावी. मागणारी शेजारीण असो, शाळेंतील मुलगी असो, कीं घरीं कामास येणारी बाई असो. कोणासही नाहीं म्हणूं नये.

दिलेलें पुस्तक परत येत नाहीं, ही तक्रार जुनी आहे व खरीही आहे. परंतु बेबीताईंनीं आपले कागद भयानें दडविले होते. विकत घेतलेलें पुस्तक कांचेआड कुलुपांत दडविणाऱ्यास तसें कोणतें भय आहे?