मुलाची विद्युत् गिटार : खर्चाची मर्यादा
(वार्षिक संमेलनातील भाषण)



मुलाने विद्युत् गिटार मागितली म्हणजे खर्च किती करावा, हा प्रश्न पालकांपुढे उभा राहतो. माझे मत असे, की वाद्य सुरात टिकावे व तारा कोवळ्या बोटांना सहज दबाव्यात, इतका खर्च अवश्य करावा. बेसूर वाद्यावर मूल स्वतःसच दोष देते आणि शिक्षण सोडते. तारांची उंची कारागिराकडून नीट करून घेण्याची रक्कम खरेदीतच धरावी. घरी १० वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर पुरतो. पेडलांची घाई नको.

इंग्लंडात १९६३ साली ब्रायन मे याने वडिलांच्या साहाय्याने घरीच गिटार घडविण्यास आरंभ केला. दांडी शेकोटीवरील जुन्या लाकडाची होती. तीच गिटार पुढे क्वीन वाद्यवृंदात गाजली. पैसा थोडा असला तरी चालेल. पालकांचे लक्ष थोडे असू नये.