सुबाभळीचा पाला आणि हवाईच्या शेळ्या

जनावरांच्या औषधांच्या दुकानात हल्ली झाडपाल्याच्या भुकट्यांची पाकिटं बरीच दिसतात. कुठे शतावरी, कुठे शेवगा, कुठे कडुनिंब. भूक, वजन, दूध, सगळंच वाढवायची हमी! ही मागणी उगाच आलेली नाही. वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविकं मिसळायला युरोपीय संघाने २००६ पासून बंदी केली. आपल्याकडे २०१९ मध्ये कोलिस्टिन या प्रतिजैविकावर बंदी आली. त्यांच्या जागी आता पाला आलाय. पण पाला आहे म्हणजे अपाय नाही, हे मला मान्य नाही.

आज एकाच झाडाविषयी बोलतो, सुबाभूळ. महाराष्ट्रात ती बांधाबांधावर पोहोचली, त्यात उरुळीकांचनच्या मणिभाई देसाईंच्या ‘बाएफ’ या संस्थेचा वाटा मोठा. तिच्या वाळल्या पाल्यात वीस-पंचवीस टक्के प्रथिनं असतात, ज्वारीच्या कडब्यात जेमतेम चार. कडबा पचवते कोण? शेळी नव्हे, तिच्या कोटीपोटातले सूक्ष्मजीव. खाद्यातली प्रथिनं साधारण सात टक्क्यांच्या खाली गेली की हे जीव उपाशी पडतात. कडबा पोटात तसाच पडून राहतो, आणि भरल्या पोटाची शेळी गव्हाणीकडे बघत नाही. आपण म्हणतो, हिची भूक मेली. थोडा पाला मिळाला की जीवाणू कामाला लागतात, कडबा पुढे सरकतो आणि तीच शेळी तोच कडबा जास्त खाते. भूक वाढवणारं ‘औषध’ पुष्कळदा एवढंच असतं. पाल्याने करडांचं वजन वाढतं, पण ते सरकीच्या पेंडीनेही वाढलं असतं. बांधावरचा पाला स्वस्त पडतो, इतकंच.

मग सगळा खुराक पाल्याचाच का नको? उत्तर ऑस्ट्रेलियात गुरांना सुबाभूळ भरपूर खाऊ घातली, तेव्हा त्यांची लाळ गळू लागली, शेपटीचे केस झडले, गलगंड झाला, वजन घटलं. पाल्यातलं मिमोसिन कोटीपोटात फुटून डीएचपी नावाचं द्रव्य तयार होतं आणि ते थायरॉइडला आयोडीन वापरू देत नाही. हवाई बेटांवरच्या शेळ्या मात्र हाच पाला खाऊन ठणठणीत होत्या! रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाला वाटलं, फरक शेळीत नाही, पोटातल्या जीवाणूंत असावा. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या शेळ्यांच्या कोटीपोटातले जीवाणू ऑस्ट्रेलियातल्या जनावरांच्या पोटात सोडले गेले आणि डीएचपीचा त्रास थांबला. त्यातल्या एका जीवाणूला १९९२ मध्ये जोन्स यांच्यावरूनच नाव मिळालं, सिनर्जिस्टेस जोन्सिआय. त्यामुळे शेजारच्या गोठ्यात पाला मानवला म्हणून आपल्याही गोठ्यात मानवेल, असं धरून चालू नका.

गाई-म्हशींना आणि शेळ्यांना सुबाभूळ एकूण खाद्याच्या तिसऱ्या हिश्शापर्यंतच द्यावी, बाकी गवत-कडबा. कोवळे शेंडे कमीच, कारण मिमोसिन तिथे जास्त असतं. कोंबड्यांच्या खाद्यात पाच टक्क्यांच्या आत. घोड्याला देऊच नका, आयाळ आणि शेपूट दोन्ही झडतील.

आणि पाकीट घेणाऱ्यांना एक विनंती. सारख्या वयाच्या करडांचे दोन गट करा, एकालाच भुकटी द्या. वजनं तर घ्याच, पण सकाळी गव्हाणीत उरलेला चाराही तोला. तो न तोलता कुणी वजन वाढल्याचं श्रेय पाकिटाला दिलं, तर मी ऐकून घेतो, पण मानत नाही.