यंत्राची मर्यादा आणि परीक्षकाचे दायित्व

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



गल्ल्यातील रोकड कमी भरली की संशयाची सुई प्रथम गड्यामाणसांकडे वळते. खरे-खोटे क्षणात सांगणारे यंत्र असते तर किती बरे झाले असते, असे मालकाच्या मनात येऊन जाते. सरकारपाशी असे यंत्र आहे, असा पुष्कळांचा समज आहे. ते यंत्र चालविणाऱ्या शासकीय पॉलिग्राफ परीक्षकाचे काम मात्र या समजुतीहून अगदी निराळे आहे.

१९२१ साली अमेरिकेतील बर्कले येथील पोलीस खात्यात जॉन लार्सन यांनी हे यंत्र तयार केले. छाती व पोटाभोवती नळ्या, दंडाला रक्तदाबाचा पट्टा आणि बोटांना घामाची नोंद घेणाऱ्या पट्ट्या बांधल्या जातात. श्वास, नाडी, रक्तदाब आणि घाम एवढेच त्यातून मोजले जाते. ही चलबिचल अपराधाने होते, तशी निव्वळ भीतीनेही होते. गजाने कापडाची लांबी कळते. रंग पक्का की कच्चा, हे गज सांगत नाही.

म्हणूनच चांगला परीक्षक समोरच्यास दरडावीत नाही. तो आधी प्रकृतीची, औषधांची विचारपूस करतो. प्रश्न अगोदर वाचून दाखवितो. उत्तर केवळ ‘होय’ किंवा ‘नाही’ असे घेतो आणि तेच प्रश्न अंतराने पुन्हा विचारतो. त्यानंतर आलेखांचा अर्थ लावला जातो. निष्कर्ष निघत नसेल तर ‘निघत नाही’ असे स्पष्ट लिहिणे, यातच त्याची सचोटी दिसते. कारण त्याच्या एका ओळीने तपासाची दिशा बदलते आणि निरपराध माणसाची अब्रू पणाला लागते.

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २००० साली या चाचणीसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. संमती हवी, वकिलाचा सल्ला मिळावा आणि संमतीची नोंद न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर व्हावी, असे त्यांत सांगितले आहे. पुढे मुद्रांक घोटाळ्याशी संबंधित प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २००४ साली सक्तीच्या चाचणीस मुभा दिली होती. परंतु ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात निर्णय दिला, की संमतीवाचून कोणाचीही अशी चाचणी घेता येणार नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) व २१ यांचा आधार त्यास आहे. संमतीने घेतलेल्या चाचणीचा निष्कर्षही स्वतंत्रपणे पुरावा ठरत नाही. त्या आधारे पुढे एखादी वस्तू किंवा माहिती हाती लागली, तरच ती कायद्यानुसार न्यायालयात ग्राह्य धरता येते. तपास वाशीमचा असो वा मुंबईचा, नियम एकच.

व्यापाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. ज्या देशात हे यंत्र जन्मले, त्या अमेरिकेनेच १९८८ साली कायदा करून बहुतांश खाजगी मालकांना नोकरांची अशी चाचणी घेण्यास मनाई केली.

सत्य हे बळजबरीने उपटून काढण्याचे पीक नव्हे. परीक्षकालाही संमतीवाचून पट्टा बांधता येत नाही. मग मालकाने संशयावरून गड्याला चोर ठरविण्यापूर्वी आपली खातेवही पुन्हा एकदा तपासावी, हेच न्यायाचे होय.